एकशे सत्तावीसची वजाबाकी

बाईंच्या वर्गात खोडरबर चालत नाही. प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी हे सांगितलं जातं आणि बहुतेक मुलं पहिल्या दिवशी हसतात. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, आणि तीही अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. बाईंचे वडील सुतार होते. फळीवर चुकीच्या जागी पडलेली खूण ते कधी पुसत नसत, तिच्यावर रेघ ओढत. पुसली की थोड्या वेळानं हात पुन्हा तिथंच जातो, असं त्यांचं म्हणणं. वडिलांची हत्यारं घरात कुणी उचलली नाहीत, ही रेघ मात्र लेकीनं उचलली आणि सव्वीस वर्षं गणित शिकवताना खाली ठेवली नाही. मुलांनी त्यांना ‘रेघबाई’ नाव ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं दाखवायची त्यांची रीत नव्हती.

सकाळी बाई शाळेत पन्नास-पन्नास मुलांना अपूर्णांक शिकवत. दुपारी साडेतीनला मात्र त्या वरच्या मजल्यावरच्या नकाशांच्या खोलीत जात, आणि जिना चढतानाच त्यांची चाल बदलायची. तिथं गावातल्या पाच शाळांमधून निवडलेली बारा मुलं बसलेली असत. आपापल्या शाळेत पहिली येणारी, गणितात पैकीच्या पैकी घेणारी. इथं आल्यावर त्यातली अकरा जणं पहिली राहत नाहीत, हे गणित त्यांना पहिल्या आठवड्यातच कळतं, आणि मग कुणाच्या पोटात दुखतं, कुणाला ताप येतो. सात वर्षांत बाईंना त्याची सवय झाली होती. पर्समध्ये पोटदुखीच्या गोळ्या आणि बिस्किटांचा पुडा कायम असायचा. आधी बिस्किटं द्यायच्या. बहुतेकांची पोटदुखी तेवढ्यावरच थांबायची.

यंदाच्या बारांत एक होता वकील. खरं म्हणजे तो सोळा वर्षांचा एक हडकुळा मुलगा, पण कुणी काही बोललं की ‘माझी हरकत आहे’ म्हणून उभा राहायचा, म्हणून वकील. हुशार इतका की बाईंनी प्रश्न लिहून संपवायच्या आत त्याचं पेन चालायला लागायचं. आणि एक होती मुंगी. बारीक अक्षर, एकेक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची न चढणारी, आणि वही नेहमी सगळ्यांत शेवटी देणारी. ती वर्गात आपणहून कधी बोललेली बाईंनी ऐकली नव्हती. बाकीच्या दहांना असला एखादा गुण नव्हता, त्यामुळं त्यांची टोपणनावं आठवड्या-आठवड्याला बदलत.

वर्गाची पद्धत ठरलेली. सोमवारी एकच प्रश्न द्यायचा, आठवडाभर पुरेल असा. बुधवारी ज्याला काही सुचलं असेल त्यानं फळ्यावर मांडायचं. शुक्रवारी वह्या. असे प्रश्न बाई वर्षानुवर्षं एका जाड वहीत टिपून ठेवत. त्या सोमवारी ती वही कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई बँकेत. बाईंनी मनात आठवून प्रश्न सांगितला. तीनपेक्षा मोठी कुठलीही विषम संख्या घ्या. ती एक मूळ संख्या आणि दुपटीच्या ओळीतली एक संख्या यांची बेरीज असते. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, आणि दुपटीची ओळ म्हणजे दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. उदाहरणार्थ, एक्कावन्न म्हणजे सत्तेचाळीस अधिक चार. असं प्रत्येक विषम संख्येचं होतं हे सिद्ध करा, असं बाईंनी सांगितलं आणि मुलांनी उतरवून घेतलं.

बुधवारी वकील फळ्यापाशी गेला. त्यानं जोड्या मोजल्या होत्या. हजाराच्या आत मूळ संख्या किती, दुपटीच्या ओळीतल्या किती, आणि त्यांच्या बेरजा हजाराच्या आत राहतील अशा जोड्या किती, तर तेराशेच्या वर. आणि ज्यांना जोडी द्यायची त्या विषम संख्या पाचशेही नाहीत. म्हणजे एकेकीच्या वाट्याला अडीच-अडीच जोड्या. पुढं कितीही गेलं तरी जोड्यांचा तोटा पडत नाही, म्हणून एकही संख्या रिकामी राहू शकत नाही. खडू ठेवून त्यानं हात झटकले. बाईंच्या अंगावर काटा आला. इतकं देखणं काही त्या खोलीत बऱ्याच दिवसांत कुणी मांडलं नव्हतं. त्या ‘वा’ म्हणाल्या, आणि वकिलाच्या वहीत लाल शाईनं मोठी बरोबरची खूण केली. वर्गानं टेबलं वाजवली. मुंगी तेवढी मान खाली घालून काहीतरी लिहीत होती, पण ती नेहमीच लिहीत असायची.

शुक्रवारी तीन वाजता मुंगीची आई शिक्षकांच्या खोलीत आली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची आणि दुकानातून परस्पर आली होती. अंगावर तिथला निळा कोट तसाच होता. हातात एक अर्ज होता, विषय बदलण्याचा. मुंगीला पुढची दोन वर्षं वरचं गणित नको होतं. अर्ज पाच वाजेपर्यंत कार्यालयात द्यायचा होता, त्यावर बाईंची सही लागणार होती, आणि एकदा तो दिला की दोन वर्षं मागं फिरता येणार नव्हतं. मुंगी बाहेर बाकावर बसली होती. आत यायला तयार नव्हती.

बाईंनी विचारलं, असं झालं तरी काय? आईला सगळं एकदमच सांगायचं होतं, त्यामुळं ते तुकड्या-तुकड्यांत बाहेर आलं. पोरगी तीन दिवस नीट जेवलेली नाही. ताटात बोटानं आकडे काढते. अंघोळीला गेली की अर्धा-अर्धा तास बाहेर येत नाही, दार वाजवावं लागतं. आणि सकाळी दुकानात निघताना तिनं आईला थांबवून विचारलं, एकशे सत्तावीसमधून चौसष्ट गेले की किती? आईनं सांगितलं त्रेसष्ट. पोरीनं पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा.

“बाई, गेल्या वर्षी हिला गणितात पैकीच्या पैकी होते,” आई म्हणाली. “आणि आता ती मला वजाबाकी विचारतेय. मला तुमचं मोठं गणित कळत नाही. पण माझी मुलगी मला कळते, आणि मला भीती वाटतेय.”

बाईंचा चेहरा उतरला. आपल्या वर्गात एखादं मूल आतल्या आत झिजतंय आणि आपल्याला पत्ता नाही, ही गोष्ट त्यांना फार लागली. सही करायला त्यांनी पेनाचं टोपणही काढलं. मग म्हणाल्या, सही करते, पण आधी तिची वही बघू द्या. आईनं पिशवीतून वही काढून दिली. पानं भरलीत हो, नुसती बसून नव्हती, असंही वर सांगितलं.

पानं खरंच भरली होती. मुंगीनं प्रत्येक विषम संख्या एकेक करून तपासली होती, पाचपासून. सात, नऊ, अकरा, अशी रांगेनं एकशे पंचवीसपर्यंत. मग एकशे सत्तावीस. दोन गेले, एकशे पंचवीस, पाचानं भाग जातो. चार गेले, एकशे तेवीस, तिनानं जातो. आठ गेले, एकशे एकोणीस, साताचा जातो. सोळा गेले, एकशे अकरा, पुन्हा तीन. बत्तीस गेले, पंचाण्णव, पाच. चौसष्ट गेले, त्रेसष्ट, तीन. त्या सगळ्यावर एक रेघ, आणि खाली तेच पुन्हा. पुन्हा रेघ. असं चार वेळा. शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘मला ही वजाबाकी जमत नाही. कुठं चुकते ते सापडत नाही.’

बाईंनीही आधी चूकच शोधली, हे त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं. पेनाच्या मागच्या टोकानं त्या टेबलाच्या काचेवर आकडे काढू लागल्या. एकशे एकोणीस, सात सत्ते एकोणपन्नास, छे, सात सतरा एकशे एकोणीस. बरोबर. एकशे अकरा, तीन सदतीस. बरोबर. पुन्हा एकदा. मग त्यांचा हात थांबला आणि त्या ताडकन उठल्या. खुर्ची मागच्या कपाटावर आदळली. शेजारी वह्या तपासणाऱ्या भूगोलाच्या बाईंनी विचारलं, काय गं, पाल पडली का अंगावर?  रेघबाई जवळजवळ धावतच वर गेल्या, कपाट उघडलं, जाड वही काढली आणि ते पान शोधलं. आठ वर्षांपूर्वी स्वतःच्याच हातानं लिहिलं होतं: ‘हे खरं आहे की खोटं, ते ठरवा.’

ठरवा म्हणून लिहिलं होतं आणि त्यांनी सिद्ध करा म्हणून सांगितलं होतं. इतकंच नाही, बुधवारी एका खोट्या गोष्टीच्या सिद्धतेवर त्यांनी लाल शाईची खूणही केली होती. बाईंना त्या क्षणी दोन गोष्टी एकदम झाल्या. स्वतःची लाज वाटली, आणि हसू आलं. ते हसू त्यांना आवरेना. जिना उतरताना त्या एकट्याच हसत होत्या आणि खाली उभ्या असलेल्या आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“सही करत नाही,” बाई म्हणाल्या. “म्हणजे आत्ता नाही. तुम्ही दोघी वर चला. पाचाला अजून वेळ आहे. वर्गानंतरही ती नको म्हणाली तर मी स्वतः कार्यालयात अर्ज नेऊन देते.”

आईला दुकानात परत जायचं होतं, पण बाईंच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तिला नाही म्हणवेना. मुंगी मात्र बाकावरून उठायला तयार नव्हती. तिला वाटत होतं, आपली वही आता सगळ्यांसमोर उघडणार. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, त्यांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली, आणि त्यांनी तिला एवढंच सांगितलं की ही वही मला आवडली आहे, का आवडली ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.

वर गेल्यावर आईला मागच्या भिंतीशी, गुंडाळलेल्या नकाशांच्या शेजारी जागा मिळाली. बाईंनी कुणाचं नाव घेतलं नाही, चूक कुणाची तेही सांगितलं नाही. मुंगीला फळ्यावर एकशे सत्तावीसच्या सहा वजाबाक्या लिहायला सांगितल्या. तिनं लिहिल्या, पाठमोरी, खांदे आवळून. मग बाईंनी वर्गाला सांगितलं, यातली चूक शोधा, दहा मिनिटं देते.

दोन मिनिटांत अकरा डोकी खाली गेली आणि पाच मिनिटांत एकेक करून वर आली. कुणालाच चूक सापडली नव्हती.  कुणीतरी हळूच म्हणालं की एकशे अठ्ठावीस वजा करून बघू, आणि दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं, कारण त्यात उणे एक उरतो. वकिलानं सहाही वजाबाक्या केल्या, मग उलट्या बाजूनं केल्या, मग पेन ठेवलं. त्याचे कान लाल झाले होते.

“मग माझ्या जोड्या गेल्या कुठं?” तो म्हणाला.

यापेक्षा चांगला प्रश्न त्या खोलीत सात वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि बाईंना टाळी वाजवावीशी वाटली. त्या म्हणाल्या, जा, शोध की. मग जी काही झुंबड उडाली ती बघण्यासारखी होती. तेराशे जोड्या आणि पाचशे संख्या, तरी एक उपाशी कशी राहिली? कुणीतरी पंचेचाळीस घेतला, त्याच्याकडं पाच जोड्या निघाल्या. एकशे तीन अधिक दोन, एकशे एक अधिक चार, सत्त्याण्णव अधिक आठ, असं करत करत एकशे पाच नावाच्या हावरटानं एकट्यानं सहा जोड्या बळकावल्या होत्या. सहाच्या सहा. मुलं त्या एकशे पाचवर अशी चिडली की जणू त्यानं त्यांचे डबे खाल्ले होते. वकील फळ्याशी उभा राहून स्वतःच्याच सिद्धतेला शिव्या घालत होता. त्याला आता कळत होतं. पंगतीत वाढपी भरपूर आहेत म्हणून प्रत्येक पानात पडलंच असं होत नाही. एकाच पानात सहा वेळा वाढलं जाऊ शकतं.

तेव्हा बाई उभ्या राहिल्या. आपण सोमवारी काय सांगितलं आणि जाड वहीत काय होतं ते त्यांनी वाचून दाखवलं. मग वकिलाची वही मागून घेतली आणि बुधवारच्या आपल्या लाल खुणेवर एक आडवी रेघ ओढली. खूण खालून दिसत राहिली. सव्वीस वर्षांत मुलांनी मारलेल्या रेघा त्यांनी हजारांनी बघितल्या होत्या. आज त्यांनी स्वतःची रेघ मारली आणि वही सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

वकील मुंगीकडं वळला. त्याच्या बोलण्यात राग होता, पण तिच्यावरचा नव्हता. “तुला आधीच सापडलं होतं, हो ना? बुधवारी मी वर चढून बोलत होतो तेव्हा गप्प का बसलीस?”

 “बाई चुकत नाहीत,” मुंगी म्हणाली. “तू पण चुकत नाहीस. मग उरलं कोण?”

 मागं नकाशांजवळ आईनं डोळ्यांवर हात ठेवला.  मग वकील म्हणाला, माझी हरकत आहे, मी बऱ्याचदा चुकतो, फक्त मोठ्यानं चुकतो, त्यामुळं कुणाच्या लक्षात येत नाही. आधी एकजण हसला, मग सगळेच, आणि त्यात मुंगीचाही आवाज होता. किनरा, वापरात नसल्यासारखा.

आता कुणाला आवरणं शक्य नव्हतं. अशी उपाशी संख्या एकच की आणखी आहेत? बारा जणांनी पुढच्या संख्या वाटून घेतल्या. एकशे एकोणतीसला लगेच जोडी मिळाली, एकशे एकतीसलाही. एकशे सदतीसवर सगळे गोळा झाले, कारण दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, पाचही वजाबाक्या वाया गेल्या आणि चौसष्ट, एकशे अठ्ठावीस तेवढे उरले. चौसष्ट गेले, त्र्याहत्तर उरले, आणि त्र्याहत्तर मूळ. सगळे हळहळले, जणू शेवटच्या चेंडूवर झेल सुटला होता. बाई बाकांमधून फिरत होत्या, पदर खडूनं पांढरा झालेला, आणि कुणाच्याही वहीत नाक खुपसत होत्या.

तेवढ्यात मागून आवाज आला. एकशे एकोणपन्नास बघा जरा, आई म्हणत होती. तिच्याकडं दुसरा कागद नव्हता. अर्जाच्या पाठीवर तिनं, दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या मोजणाऱ्या सवयीच्या हातानं, सात वजाबाक्या भराभर मांडल्या होत्या. एकशे सत्तेचाळीसला तीन, एकशे पंचेचाळीसला पाच, असं प्रत्येकीपुढं लिहून शेवटी एकशे अठ्ठावीस गेले, एकवीस उरले, त्यालाही तीन. बारा मुलं आईभोवती गोळा झाली. वकिलानं तपासलं आणि मान डोलावली. आई लाजून निळ्या कोटाची बाही ओढत राहिली. मला आपलं वजाबाकी तेवढी येते, असं ती दोनदा म्हणाली.

पाचाला वीस मिनिटं असताना बाईंनी मुंगीला खिडकीपाशी नेलं. आईही आली. बाईंनी शब्द पाळला. त्यांनी सांगितलं की कोरा अर्ज खाली मिळेल, अजून वेळ आहे, आणि आजचा दिवस चांगला गेला म्हणून हो म्हणू नकोस. पुढच्या सोमवारी तू पुन्हा अडकशील. सगळे अडकतात. मीही अडकते.

मुंगीनं विचारलं, “पुढच्या वेळी प्रश्नच चुकीचा असला तर तुम्ही आधी सांगाल?”

“मला माहीत असलं तर सांगेन ना,” बाई म्हणाल्या.

मुंगीनं त्यावर विचार केला. पायरी पक्की करावी तसा.  पोरीनं हो म्हणावं की नाही, हे आईचं आईलाच ठरवता येत नव्हतं.

“मग मीच बघत जाईन,” मुंगी म्हणाली.

आईनं बाईंना बाजूला घेतलं. निदान जेवताना हे आकडे बंद ठेवायला सांगा, अशी तिची विनवणी होती. बाईंनी तसं वचन दिलं नाही. आमच्याही घरी आमटीत आकडे असतात, एवढंच म्हणाल्या. मात्र एक ठरलं. पोरीला जेवण गेलं नाही तर तीन दिवस थांबायचं नाही, पहिल्याच दिवशी आईनं बाईंना फोन करायचा. नंबर लिहून घेतला.

मग आई दुकानात जायला निघाली. दारापाशी थांबून तिनं मागं बघितलं. मुंगी फळ्यासमोर उभी होती आणि वकिलाशी भांडत होती, अशा संख्या कधीतरी संपतात की संपतच नाहीत यावरून. चांगल्या चढ्या आवाजात. दोघांच्या हातात खडू होते आणि दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हते. आईला सांगायचं होतं की सातला घ्यायला येते. तिनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं, आणि बाईंनाच खुणेनं सात बोटं दाखवून जिना उतरली.